पुणे विमानतळ ते मुंबई विमानतळ: अंतर किती आणि वेळ किती धरावा?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा नागपूरहून दुपारी पुण्याला उतरतील, रात्री मुंबईहून त्यांचं दुबईचं विमान आहे, तर मधले सहा तास पुरतील का. नाही पुरणार. मी पुण्याचाच, घरच्यांना सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, सोडायला जाणं नेहमीचं आहे.

लोहगाव (पुणे विमानतळ) ते मुंबईचं टर्मिनल 2 हे अंतर रस्त्याने सुमारे 160 किलोमीटर. मध्यरात्री मॅप तीन-सव्वातीन तास दाखवतो, त्या भरवशावर तिकीट काढू नका. एक्सप्रेसवेचे 94 किलोमीटर एरवी दीड तासात होतात. खरा वेळ जातो तो दोन्ही टोकांना. विश्रांतवाडी, खडकी, औंध, वाकड करत किवळ्याला, जिथे एक्सप्रेसवे सुरू होतो, पोचेपर्यंत ऑफिस सुटायच्या वेळी तास-सव्वा तास सहज जातो. तिकडे वाशीचा पूल ओलांडला की पोचल्यासारखं वाटतं, पण मानखुर्द, चेंबूर, मग सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड आणि पुढे हायवे. संध्याकाळी या शेवटच्या वीसेक किलोमीटरला दीड तास लागला तर नवल नाही. त्यात रविवार असेल तर लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांची भर, आणि पावसाळ्यात घाटात धुकं.

म्हणून हिशेब असा धरा: पुण्यात सामान हातात यायला पाऊण तास, रस्त्याला पाच तास, परदेशी विमानाच्या तीन तास आधी हजर. झाले जवळजवळ नऊ. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

माझं मत विचाराल तर पुणे मधे घालूच नका. नागपूर-मुंबई-दुबई एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, मिळतंय का बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

पुण्यातच उतरायचं ठरलं असेल तर पूर्ण गाडी करा. शेअर टॅक्सी स्वस्त पडते, पण ती गावभर प्रवासी गोळा करते आणि वाटेत फूड मॉलला थांबते. ॲपवरची गाडी टर्मिनलच्या दारात येत नाही, समोरच्या एरोमॉलमधून धरावी लागते. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

आणि तिकिटावर विमानतळाचा कोड नीट वाचा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा नवा विमानतळ. तो डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालाय, पनवेलजवळ आहे, त्यामुळे वाशीच्या पुढची सगळी कटकट वाचते.

तुम्ही एकटे, पाठीवर एक सॅक घेऊन जाणार असता तर मी रेल्वे सांगितली असती: पुण्याहून दादर, तिथून पश्चिमेला येऊन मेट्रो 3 थेट टी-2 ला. मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसं असताना मात्र दादरचे जिने नकोत.