चित्रपट वितरकांच्या संघटनेचे मुख्यालय मुंबई सोडून भुसावळला कसे आले?

याचे मूळ रेल्वेत आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्य भारत आणि राजस्थान या वितरण क्षेत्रांतील वितरक व चित्रपटगृहचालकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना असून तिचे मुख्यालय भुसावळला आहे. मुंबई, नागपूर आणि इटारसीकडील मार्ग जिथे मिळतात, त्या जंक्शनवर असे कार्यालय असणे सोयीचेच होते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे 35 मिलिमीटरची सुमारे साडेतेरा हजार फूट फीत, म्हणजेच हजार फुटी चौदा रिळे; ती पत्र्याच्या पेट्यांत भरून रेल्वे पार्सलने पाठवायची, एका गावचे खेळ संपले की पेटी पुढच्या गावी रवाना करायची आणि थकबाकीचे तंटे संघटनेने मिटवायचे, असा हा व्यवहार होता. मुंबईत हेच महत्त्व लॅमिंग्टन रोडवरील नाझ इमारतीतल्या वितरक कचेऱ्यांना होते. उपग्रहाद्वारे चित्रपट थेट पडद्यावर पोहोचू लागल्यावर पेट्यांची ये-जा थांबली. गंमत म्हणजे, मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांत 1950 मध्येच इतिहासजमा झाला, तरी चित्रपट व्यवसायाच्या हिशेबात ‘सीपी बेरार’ अजून नांदतो आहे.