म्हातारा कडकनाथ कोंबडा दांडीवर चढत नाही आणि वाळत चाललाय, कोणतं टॉनिक द्यावं?

टॉनिक तूर्त राहू द्या. तुम्ही म्हणता कोंबडा सहा वर्षांचा आहे, रात्री खाली जमिनीवरच बसतो, वजन उतरलंय, आणि सोबत पाच कोंबड्या व एक तरणा कोंबडा आहे. या वयात बहुतेक कोंबडे पायांनी हरतात. पाय दुखले की दाण्यापर्यंत उशिरा पोहोचतात, तोवर तरण्याने भांडं ताब्यात घेतलेलं असतं. म्हणून आधी पाय बघा.

संध्याकाळी उजेड कमी झाला की तो शांत असतो. तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळा, डोकंही झाका आणि तळवा वर करा. मधोमध काळी खपली, खाली सूज आणि हाताला गरम लागत असेल तर तळव्यात जंतुसंसर्ग झालाय. उंचावरून सिमेंटवर उडी मारणं, दांडीची धारदार कड आणि जास्तीचं वजन ही त्याची नेहमीची कारणं. सुरुवातीलाच सापडलं तर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट (लिटरला दोन मोठे चमचे) घालून 10-15 मिनिटं पाय बुडवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधा. गाठ ब्लेडने कापून काढायला जाऊ नका. त्याखालीच स्नायूंच्या दोऱ्या असतात, त्या तुटल्या तर बोटं कायमची निकामी होतात. गाठ कडक असेल किंवा सूज वर चढत असेल तर डॉक्टरच.

पायाचे खवले उचकटलेले आणि मधे पांढरट भुकटी दिसली तर खवल्यांखाली बारीक किडे शिरलेत. साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवा, खवले ओढू नका. वाळल्यावर गुडघ्यापासून बोटांपर्यंत व्हॅसलिनचा जाड थर द्या, म्हणजे किडे गुदमरतात. आठवड्यातून दोनदा, चार ते सहा आठवडे, आणि सगळ्या कळपाला. रॉकेल लावायची जुनी पद्धत सोडा, कातडी भाजते.

पायामागचा काटा वाकून दुसऱ्या पायाला लागतो का, तेही बघा. आत हाड आणि रक्त असतं, म्हणून फक्त टोक कानशीने घासा, एका वेळी थोडंच. रक्त आलं तर तुरटीची पूड दाबून धरा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बोटांना चिकटते, वाळली की दगडासारखी होते, आणि ती उपटताना नख निघतं. भिजवूनच काढा.

मग दांडी. जमिनीपासून 30 ते 40 सेंटिमीटर, 5 सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली. खाली पेंढा किंवा लाकडाचा भुसा. चढायला उतरतं फळकूट लावा. जुन्या दांडीच्या फटी रात्री टॉर्चने तपासा. लालसर किडे फिरताना दिसले तर ती जाळून टाकलेली बरी.

आता खाणं. कळपाला लेअर फीड देत असाल तर कोंबड्यासाठी ते बंद करा. त्यात कॅल्शियम साधारण 3.5 ते 4 टक्के असतं, अंडी देणारीला ते लागतं, कोंबड्याला जेमतेम 1 टक्का पुरे. उरलेलं मूत्रपिंडावर येतं आणि वर्षानुवर्षांनी सांध्यांत दिसतं. सगळ्यांना 16 टक्के प्रथिनांचं ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबड्या गरजेपुरता स्वतःच खातात. कडकनाथला दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास पुरतं. मका ओंजळभर चालेल, रोजचा नको. आणि रविवारच्या पोह्यांवरची उरलेली शेव तर मुळीच नको, मिठाचाही मूत्रपिंडाला तोच त्रास.

तो सकाळ-संध्याकाळ जाळीच्या आड 20 मिनिटं एकटा खाईल अशी सोय करा, पण कळप दिसत राहू द्या. महिनाभर नजरेआड ठेवून परत सोडला तर तरणा नव्याने लढाई मांडतो. एरवीही पाच कोंबड्यांत दोन कोंबडे जास्तच होतात, एकामागे आठ-दहा कोंबड्या असल्या तर बरं. मला विचाराल तर म्हाताऱ्याच्या बाजूला कायमची जाळी टाका आणि एक शांत, वयस्क कोंबडी सोबत द्या.

दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी बादलीत बसवून वजन घ्या. दहावा हिस्सा उतरला किंवा छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर वाट बघू नका. त्याच वेळी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा, सकाळी ती रिकामी हवी. तुऱ्याचा रंग बघून तब्येत ओळखतात, ते कडकनाथला लागू नाही. त्याचा तुरा मुळातच काळसर, तोंडही काळं. त्यामुळे वजन, विष्ठा आणि श्वास यांवरच भरवसा ठेवा. उन्हाळ्यात भर दुपारी चोच उघडी ठेवणं ठीक, पण सकाळच्या गारव्यात स्वस्थ बसलेला असतानाही चोच उघडी असेल तर तो आजार आहे, वय नव्हे.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरला इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात. नेताना भोकं पाडलेलं खोकं, ताजी विष्ठा पिशवीत आणि लिहून ठेवलेली वजनं सोबत घ्या. मान वाकडी झाली किंवा एकाच दिवशी दोन-तीन पक्षी पडले, तर मात्र कुणालाच कुठे नेऊ नका, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, आणि दवाखान्याला फोन करून डॉक्टरला घरी बोलवा.