वाचकांचे प्रश्न : जेडच्या जुन्या वाटेवरचे खाणेपिणे

प्रश्न : आम्ही उभयता सप्टेंबरमध्ये चीनच्या कान्सू प्रांतात लांचौ ते दुनहुआंग असा मोटारप्रवास करणार आहोत. मुख्य ओढ स्थानिक पदार्थांची आहे. परंतु चिनी लोक जेड या दगडाला एवढे का मानतात, हेही समजून घ्यावेसे वाटते. वाटेत जेड विकत घ्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण निवडलेला रस्ता हा जेडचाच जुना मार्ग आहे. शिंच्यांगमधील खोतानजवळ युरुंगकाश आणि काराकाश या नद्यांच्या पात्रांत सापडणारे नेफ्राइट जातीचे जेड चीलियान पर्वत आणि उत्तरेकडील वाळवंट यांमधल्या याच चिंचोळ्या पट्ट्यातून पूर्वेकडे जात असे, आणि दुनहुआंगपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या प्राचीन हान राजवटीतील सीमाठाण्याचे नावच जेडद्वार आहे. पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संगही भारताकडे येताना सरहद्दीचा हाच टापू चोरून ओलांडून गेला होता.

जेडचा मान मात्र या मार्गाहूनही पुष्कळ जुना आहे. आजच्या हांगचौजवळ इसवी सनपूर्व ३३०० ते २३०० च्या सुमारास नांदलेल्या ल्यांगचू संस्कृतीतील कारागिरांजवळ धातूची हत्यारे नव्हती. तरीही साध्या पोलादी सुरीने ज्यावर ओरखडा उठत नाही असा हा दगड त्यांनी वाळू आणि पाणी वापरून चिकाटीने घासला, बाहेरून चौकोनी व आतून गोल अशा पोकळ वस्तू घडवल्या आणि त्यांच्या कोपऱ्यांवर अतिशय बारीक रेषांनी मुखवटे कोरले. पुढे एका प्राचीन विधिग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी असे सांगितले गेले की जेडची ऊबदार झळाळी म्हणजे करुणा, आणि कड असूनही न कापणे म्हणजे न्याय. इसवी सनपूर्व ११३ मध्ये वारलेल्या ल्यू शंग या राजपुत्राला सुमारे अडीच हजार जेडचे तुकडे सोन्याच्या तारेने जोडून केलेल्या पोशाखात पुरले होते, कारण जेडमुळे देह टिकतो अशी श्रद्धा होती. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिक पदकांतही जेड बसवले होते. सोन्याला भाव असतो, जेड मात्र अनमोल असते, असे चिनी लोक म्हणतात, ते मला मनापासून पटते.

खरेदीबाबत सावध राहावे. आपल्या डोळ्यांसमोर जे हिरवेगार जेड येते ते जेडाइट या दुसऱ्या जातीचे असून म्यानमारहून आलेले आहे आणि चीनमध्ये ते अठराव्या शतकापासूनच मोठ्या प्रमाणावर पोहोचले. त्याआधी मेंढीच्या चरबीसारखे पांढरे, स्निग्ध खोतानी जेड श्रेष्ठ मानले जाई. जेडाइटमध्ये 'ए' म्हणजे नैसर्गिक, 'बी' म्हणजे आम्लाने धुऊन राळ भरलेले आणि 'सी' म्हणजे रंगवलेले. प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर महाग वस्तू घेऊ नये. वाटेतल्या ज्योच्वान शहरातले पातळ, गर्द हिरवे मद्यचषक जरूर घ्यावेत. त्यांचा दगड बहुधा सर्पेंटाइन, म्हणजे जेडहून मऊ असतो, हे ध्यानात ठेवून दाम द्यावा.

आता खाण्याविषयी. लांचौत सकाळीच दुकान गाठावे. तेथे आपल्यासमोर कणकेचा गोळा ताणून, दुमडून, पुन्हा ताणून नूडल्स करतात आणि त्या केसासारख्या बारीक हव्यात की पट्टीसारख्या रुंद, हे आपल्याला विचारतात. नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखट तेल, हिरवी कोथिंबीर आणि पिवळसर नूडल्स ही त्या वाडग्याची पारख. चांग्येला त्सोयुत्स चुकवू नये. कणकेचे तुकडे हाताने वळून दोन्ही टोके निमुळती केलेला हा प्रकार आपल्या गव्हल्यांचा थोरला भाऊ शोभेल. दुनहुआंगला सुक्या जर्दाळूंचे थंडगार सरबत मिळते, वाळवंटातून आल्यावर ते फार गोड लागते.

अंतर सुमारे ११०० किलोमीटर आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये चालत नाही. त्यामुळे तेथील तात्पुरता परवाना काढावा किंवा चालकासह गाडी घ्यावी, आणि मला दुसरा पर्याय अधिक बरा वाटतो, कारण चालकाला चांगली दुकाने ठाऊक असतात.

आपण शाकाहारी असाल तर लांचौच्या नूडल्समधून मांस काढायला सांगून भागणार नाही, कारण रस्साच गोमांसाचा असतो. त्याऐवजी न्यांगपी मागवावी : वाफवलेल्या पिठाच्या लुसलुशीत पट्ट्यांवर व्हिनेगर, लसूण आणि तिखट तेल घालून ती थंडच देतात.