रात्री सुनसान रस्त्यावर तुम्हाला कधी भूत दिसलंय का? खरं सांगा

भूत नाही, पण त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर भूतच म्हटलं असतं. मध्यरात्र उलटून गेलेली, बाईकवर मी एकटा, दोन्ही बाजूंना शेतं आणि पुढे एका खांबावर नुसता पांढरा चेहरा. अंग हललं नाही, फक्त मान गर्रकन माझ्याकडे वळली, मग ते माझ्या डोक्यावरून गेलं, पंखांचा एवढासुद्धा आवाज नाही, आणि मागे अंधारात अशी किंचाळी ऐकू आली की सर्रकन काटा आला. गव्हाणी घुबड होतं ते. त्याच्या पिसांच्या कडेला बारीक झालर असते म्हणून उडताना आवाज येत नाही.

पण म्हणून असे अनुभव सांगणारे खोटं बोलतात असं मी अजिबात म्हणणार नाही. अंधारात डोळा सरावायला जवळजवळ अर्धा तास लागतो आणि समोरून एक गाडी अपर मारून गेली की सगळं पहिल्यापासून. त्यात आपण जिथे थेट रोखून बघतो ना, डोळ्याच्या त्या मधल्या भागात अंधारात बघणाऱ्या पेशी नसतातच, त्यामुळे कडेला उभं असलेलं काहीतरी अंधुक दिसतं आणि नीट बघायला गेलं की गायब! "बाई उभी होती, वळून बघितलं तर कोणीच नाही" यातल्या बऱ्याच गोष्टी मला अशाच वाटतात. लांबचा एकटा दिवा टक लावून बघितला तर तो हलताना दिसतो, तेही तसंच.

चकवा पण खरा आहे. २००९ मध्ये जर्मनीतलं जंगल आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगून प्रयोग केला होता, सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की लोक गोल फिरून आपल्याच वाटेवर परत यायचे आणि त्यांना वाटायचं आपण सरळच चाललोय.

मला राग येतो तो "कोणी दिसलं तर थांबू नको, गाडी पळव" या सल्ल्याचा. अरे तो अपघातात जखमी झालेला माणूस असू शकतो! उतरायची भीती वाटते ना, मग उतरू नका, पण स्पीड कमी करा, काचा बंद ठेवून नीट बघा आणि थोडं पुढे जाऊन इमर्जन्सी नंबरला फोन करा. आणि डोळे मिटत असताना काही दिसलं असेल तर आधी गाडी बाजूला घेऊन झोपा.