दोन दिवस जमायचंय, पण भाषणं नकोत

प्रश्न: ताई, आमची निसर्ग आणि जैवविविधतेवर काम करणारी छोटी संस्था आहे, व्हॉलंटियर्सना शनिवार-रविवार एकत्र बोलवायचंय. दरवेळी नुसती भाषणं होतात आणि दुपारपर्यंत निम्मे लोक पेंगायला लागतात. काय वेगळं करता येईल?

उत्तर: आधी भाषणांना कात्री लावा बरं! सूर्योदयानंतरचे दोनेक तास पक्षी सगळ्यात जास्त दिसतात, आणि नेमकं तेव्हाच आपण लोकांना रजिस्ट्रेशनच्या रांगेत उभं करतो. त्यापेक्षा शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला बोलवा, पहाटे थेट बाहेर पडा आणि एका गटात आठ-दहाच जण ठेवा, नाहीतर पुढच्यांना पक्षी दिसतो आणि मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी. मीटिंग, हिशोब वगैरे भर दुपारी उरका.

रात्री पतंग, म्हणजे दिव्यावर येणारे फुलपाखरासारखे कीटक, बघायचा कार्यक्रम ठेवाच, खर्च अगदी किरकोळ. दोरीवर पांढरी चादर ताणून बांधायची, समोर अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचा आणि गप्पा मारत बसायचं, हळूहळू चादरीवर गर्दी होते, कोणी सुकलेल्या पानासारखा, कोणी झाडाच्या सालीसारखा. अमावस्येच्या आसपासची तारीख मिळाली तर उत्तम, चांदण्यात पतंग कमी येतात. झोपायला जाताना मात्र दिवा बंद करा आणि चादर हलकेच झुडपापाशी झटका, सकाळपर्यंत तशीच ठेवली तर पक्ष्यांना आयता नाश्ता मिळतो.

फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या ॲपवर, टाकणार असाल तर दुर्मिळ प्राणी-वनस्पतींचं नेमकं लोकेशन लपवायला सांगा, जिओप्रायव्हसीची सेटिंग असते तिथे. ग्रुप फोटो शनिवारीच काढा, रविवारी दुपारी अर्धे लोक पळालेले असतात.