स्तिनं, वाडा की मेंढवाडा?

रोमानियाच्या उत्तर टोकाला, युक्रेनला लागून असलेल्या मारामुरेश या डोंगराळ भागावरचा लेख मराठीत आणताना एका वाचकाचं घोडं एका शब्दापाशी अडलंय. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरावर जिथे ठेवतात त्या जागेला तिकडे 'स्तिनं' म्हणतात. वाचकाने आधी 'गोठा' लिहिलं, मग खोडून 'वाडा' केलं. आता दोन्ही खटकतात.

गोठा नकोच. 'गोष्ठ'वरून (गो + स्थ) आलेल्या या शब्दात गाय आधीच बसलेली आहे, शिवाय तो असतो घराला लागून. कोंडवाडा त्याहून वाईट. तिथून जनावर दंड भरून सोडवून आणावं लागतं.

'वाडा' मात्र सहज टाकून देण्यासारखा नाही. पेशवाई थाटाचा वाडा क्षणभर विसरा. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं असा सगळा चालता संसार. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेला वाडा आज या शेतात, तर चार दिवसांनी पुढच्या. स्तिनं असं गावोगाव फिरत नाही आणि तिथे संसारही नसतो. वर लाकडी खोपटं, चुलीवर चीजची मोठी कढई आणि मेंढके पुरुष. बाकीचं गाव खाली इझा आणि मारा नद्यांच्या खोऱ्यांत गवत कापून गंजी रचत असतं, कारण हिवाळ्यात जनावरं त्याच गंजींवर जगायची असतात. म्हणजे मेंढ्या वर आणि घरं खाली. ही ताटातूट 'वाडा' म्हटलं की पुसली जाते.

आणखी एक गोष्ट अनुवादात हमखास निसटते. स्तिन्यावरच्या मेंढ्या एका मालकाच्या नसतात. अनेक घरं आपापल्या दहा-वीस मेंढ्या एकत्र करतात. शेजारच्या ओआश भागात या भागीदारीला 'सिंब्रं' म्हणतात आणि मे महिन्यात तिचा मोठा सण होतो. त्या दिवशी प्रत्येकाच्या मेंढ्यांचं दूध मोजतात. त्या मापावरून येत्या हंगामात कोणाला किती चीज मिळणार ते ठरतं. पूर्वी हा हिशेब लाकडाच्या काठीवर खाचा पाडून ठेवत. काठी उभी चिरून एक फाक मालकाकडे, दुसरी मेंढक्यांकडे. दोन्ही जुळवल्या की खाचा जुळल्याच पाहिजेत, लबाडीला जागाच नाही. 'सिंब्रं' हा शब्द शेतकऱ्यांनी एकत्र येऊन शेतीची कामं करण्यालाही वापरतात. त्यामुळे तिथे मी बेधडक 'सावड' लिहीन.

दूध काढायला मेंढ्या ज्या अरुंद फटीतून एकेक करून पुढे घेतात ती 'स्त्रुंगं'. डोंगरातल्या चिंचोळ्या वाटेलाही हाच शब्द. आपल्याकडे याला 'खिंड' चपखल बसते.

स्तिनं शब्दाच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असं की तो स्लाव्ह भाषांतल्या तळ, मुक्काम अशा अर्थाच्या 'स्तान'वरून आला. ते खरं असेल तर 'स्थान', 'ठाण' हे त्याचे लांबचे भाऊ ठरतात, आणि मी वर हाकलून दिलेल्या गोठ्यातला 'ठ'सुद्धा!

तर माझा कौल 'मेंढवाडा'ला. शब्द घडवलेला नाही, मराठी बायबलात योहानाच्या दहाव्या अध्यायात तो आहे. पहिल्यांदा 'स्तिनं, म्हणजे डोंगरावरचा उन्हाळी मेंढवाडा' असं लिहा, पुढे नुसता मेंढवाडा पुरे. मेंढक्यांचा प्रमुख आणि चीज करणारा जो 'बाच', त्याला मात्र भाषांतरात अडकवू नका. वलाख, म्हणजे रोमानियनच्या जवळची भाषा बोलणाऱ्या, मेंढपाळांबरोबर कार्पेथियन डोंगरांतून हा शब्द स्लोव्हाकियात 'बाचा' आणि पोलंडमध्ये 'बात्सा' होऊन पोचलाय, मराठीतही राहील. च चहातला, चमच्यातला नव्हे.

उच्चाराचं थोडं. स्तिनंमधला पहिला स्वर ना धड इ, ना अ: ओठ 'ई'सारखे ताणून जीभ मागे घेतली की जमतो. शेवटचा 'केलं', 'गेलं'मधल्यासारखा. अचूक लिहिण्याच्या नादात कोणी पहिला स्वर 'अ' करून 'स्तनं' छापू नये, एवढी विनंती. मुद्रितशोधकाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.