मंडळीचे, मंडळ्यांचे की मंडळींचे?

नागपूरच्या सदर भागातून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: "जानेवारीत 18 ते 25 तारखेच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहानिमित्त वेगवेगळ्या चर्चची एकत्र उपासना ठरली आहे. पत्रिकेवर 'नागपुरातील मंडळींची एकता आणि समावेशी नेतृत्व' असा विषय टाकला होता. चर्चच्या एका वडिलांनी (म्हणजे निवडलेल्या पुढाऱ्यांनी) 'मंडळींची'वरचा अनुस्वार खोडला, दुसऱ्यांनी 'एकता' काढून 'ऐक्य' लिहिले. 'समावेशी' हिंदी आहे असेही कोणी म्हणाले. बरोबर काय?"

खोडाखोड करणारे दोघेही निम्मे बरोबर आहेत. अनुस्वारापासून सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

रोजच्या मराठीत 'मंडळी' म्हणजे माणसांचा जमाव, तोही आपुलकीचा. घरची मंडळी, भजनी मंडळी, 'नमस्कार मंडळी'. क्रियापद एकवचनी लागते, 'पाहुणे मंडळी आली' (आमच्याकडे 'येऊन राहिली'), पण विभक्ती लागली की शब्द अनेकवचनात जातो: 'घरच्या मंडळींना सांगा'. ख्रिस्ती मराठीत मात्र हा शब्द चर्चसाठी रूढ झाला आणि त्याचे व्याकरण सरळ 'नदी'सारखे चालू लागले. एक मंडळी, अनेक मंडळ्या. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, येशूचे पेत्र या शिष्याला उद्देशून 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' असे वाक्य आहे, ते एकवचन. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातल्या सात 'मंडळ्या' आहेत, ते अनेकवचन. सात 'मंडळी' नव्हेत.

म्हणून तिन्ही रूपे शुद्ध, पण अर्थ तीन. 'मंडळीचे ऐक्य' म्हणजे एकाच मंडळीतल्या लोकांची एकजूट, किंवा सबंध जगातली ख्रिस्ताची मंडळी एकच आहे हा विश्वास. 'मंडळ्यांचे ऐक्य' म्हणजे निरनिराळ्या चर्चनी एक होणे. आणि 'मंडळींची एकता' म्हणजे जमलेल्या लोकांची एकी. त्यात चर्च असेलच असे नाही, गणेशोत्सवाचे कार्यकर्तेही असू शकतात. जुन्या वळणाची माणसे 'आमच्या मंडळींना बरं नाही' म्हणतात तेव्हा बायको आजारी असते. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) हे वाक्य जपून म्हणावे. तुमच्या कार्यक्रमाला अनेक चर्च येणार, तेव्हा अनुस्वार खोडून भागणार नाही. 'मंडळ्यांचे' हवे.

पत्रिका नागपूरची आहे म्हणून यावर थोडे अधिक. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या दोन परंपरांचे आधीच जोडलेले युनायटेड चर्च; बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट असे सहा गट त्यात आले. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी अगदी शेवटच्या टप्प्यावर पाऊल मागे घेतले. त्या दिवसापर्यंत 'मंडळ्यांचे ऐक्य' म्हणायचे, त्यानंतर त्या सहांपुरते 'मंडळीचे'. याला कोणी 'विलीनीकरण' म्हणतात. व्यवहारात चूक नाही, पण बँकांचे होते तसे वाटते. शिवाय सगळे एका मुशीत ओतले गेले नाहीत. बाळांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षेचा जलविधी) करावा की समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच, हा त्यांच्यातला जुना वाद होता. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. हे ऐक्य, एकसारखेपणा नव्हे.

याच शहरात भारतातील चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही आहे. तिची सुरुवात 1914 ची. तिथे सभासद चर्च आपापली राहतात, फक्त एका टेबलाशी बसतात. तो 'मंडळ्यांचा' मामला. कॅथलिक बांधव तुमच्या उपासनेला येणार असतील तर आणखी एक लक्षात घ्या: त्यांच्या मराठीत चर्चला 'ख्रिस्तसभा' म्हणतात, बाप्तिस्म्याला 'स्नानसंस्कार'. ऐक्याच्या पत्रिकेवर एकाच घरची बोली नको. 'मंडळ्या व ख्रिस्तसभा' असे लिहिले तर दोन शब्द वाढतील, कागद तोच राहील.

आता ऐक्य की एकता. दोन्ही संस्कृतातून आलेले, अर्थ जवळपास एक. पण 'एकता' मोर्च्याच्या फलकावर जास्त दिसते, 'एकी' प्रतिपक्ष समोर असला की होते. ख्रिस्ती वाचकाच्या कानात 'ऐक्य' बसलेले आहे. बंधूंनी 'ऐक्याने एकत्र राहणे' हे 133 व्या स्तोत्रातले शब्द संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतात. तुमच्या दुसऱ्या वडिलांचा कान बरोबर आहे, नियम म्हणून नव्हे, सवय म्हणून.

'समावेशी' हिंदीतलेच. मराठीत 'समावेशक' किंवा 'सर्वसमावेशक' चालते आणि वर्तमानपत्रांत रोज छापले जाते. मला मात्र ते इथे पटत नाही. 'समावेश' दुसरा कोणीतरी करतो. यादीत नावाचा समावेश होतो, समितीत दोन महिलांचा समावेश केला जातो; ज्याचा होतो तो बिचारा वाट बघत बसलेला. 'सहभाग' मात्र माणूस स्वतः घेतो. आणि हा शब्द तुमच्या घरचाच आहे, कारण उपासनेच्या शेवटी आशीर्वादात 'पवित्र आत्म्याची सहभागिता' ऐकूनच सगळे घरी जातात.

'नेतृत्व' हा शब्द चर्चमध्ये नवाच म्हणायचा. जुने शब्द पाळक, वडील, सेवक. पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरात बिशपच्या जागी 'अध्यक्ष' आहे आणि डीकनच्या जागी 'सेवक'. आज 'अध्यक्ष' म्हटले की सत्काराची शाल आठवते आणि 'सेवक' म्हटले की कचेरीतला शिपाई, त्यामुळे पत्रिकेवर 'नेतृत्व' राहू द्या.

तुम्ही तळटीपेत विचारलेला प्रश्न मला सर्वांत आवडला: मंडळीच्या निवडलेल्या बाईंना 'वडील' म्हणावे का? बेशक म्हणावे. 'वडील' म्हणजे केवळ बाप नव्हे. वडील बहीण, वडील जाऊ आपण म्हणतोच. 'पाळक'ही तसाच ठेवा. 'पाळकीण' केले तर 'पाटलीण'च्या चालीवर पाळकांची पत्नी असा अर्थ निघेल. लिंग क्रियापद सांभाळते. 2013 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल धर्मप्रांतात ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. 'झाल्या' एवढे पुरले.

पत्रिकेवर माझ्या मते असे छापा: 'नागपुरातील मंडळ्यांचे ऐक्य आणि नेतृत्वात सर्वांचा सहभाग'. खाली नावे देताना 'वडील' हे पद बायका-पुरुषांना सारखेच लावा, आणि 'सौ.' व 'श्री.' दोन्ही गाळा, म्हणजे नावेही एका ओळीत मावतील.